खुर्चीचा चौथा पाय

आमच्या कन्येला शाळेच्या नाटकात दगडाचं काम मिळालं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

दगड म्हणजे अगदी दगडच. राजकुमार जंगलात वाट चुकतो, थकतो आणि एका दगडाला टेकून विचार करत बसतो, तो हा दगड. अंगावर तपकिरी चादर घ्यायची, गुडघ्यांत मान घालायची आणि नाटक संपेपर्यंत तसंच बसून राहायचं. संवाद नाही, चेहरा दिसणार नाही. राजकुमाराचं काम नेमकं तिच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला मिळालं होतं आणि तिला तलवारही मिळणार होती. कन्येने दप्तर कोपऱ्यात फेकलं आणि जाहीर केलं की आपण नाटकात काम करणार नाही, शाळेत जाणार नाही आणि जेवणारही नाही. यातली तिसरी घोषणा थोड्या वेळाने मागे घेण्यात आली. दुसरी सकाळपर्यंत टिकली. पहिली कायम राहिली.

अशा वेळी शहाण्या बापाने गप्प बसावं. बायको गप्पच होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि तिचं म्हणणं असं की आपोआप निवळेल. पण मला धास्ती वाटत होती. आमची मुलगी एकदा मागे सरली की पुन्हा पुढे येत नाही. सायकल शिकताना एकदाच पडली, तेव्हापासून ती सायकल जिन्याखाली उभी आहे आणि तिच्या टोपलीत आम्ही जुनी वर्तमानपत्रं ठेवतो. नाटकाचंही तसंच व्हायला नको होतं. शिवाय, खोटं कशाला बोलू, घरात उपदेश करायची संधी मला फार क्वचित मिळते.

तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि रंगभूमी या विषयावर बोललो. रंगभूमीवर क्षुल्लक असं कुठलंच काम नसतं, असं मी सांगितलं. नायक दार उघडून ऐटीत आत येतो, पण ते दार पलीकडून कुणीतरी ओढून धरलेलं असतं. नायिका रडते तेव्हा तिच्यावरचा दिवा कुणीतरी मंद केलेला असतो. आपण इतकं चांगलं बोलू शकतो याची मला कल्पना नव्हती. कार्यालयात मी आवक-जावक विभागात आहे आणि तिथे बोलण्याचा फारसा प्रसंग येत नाही.

कन्येने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, तू कधी दगड झालायस?"

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी म्हटलं, तशी संधी कधी आली नाही, आली असती तर आनंदाने झालो असतो.

"मग तू एक छोटं काम कर. शेवटपर्यंत नीट केलंस तर मी दगड होते," ती म्हणाली.

आता माघार घेणं शक्य नव्हतं. योगायोगाने आमच्या कार्यालयाच्या कर्मचारी कल्याण मंडळाचं वार्षिक नाटक जवळ आलं होतं. हे नाटक दरवर्षी मुख्य लेखापाल लिहितात, बसवतात आणि नायकाचं कामही तेच करतात. ते देहाने भारदस्त आहेत आणि आवाजाने त्याहून. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, साहेब, मला नाटकातलं सगळ्यात लहान काम हवं आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नाट्यसेवेत ही मागणी कुणीच केली नव्हती. प्रत्येकाला आपलं काम वाढवून हवं असतं. मी त्यांच्या नाटकाची टिंगल करायला आलोय की बदलीसाठी वशिला लावायला, हे त्यांना कळेना. मी मुलीचा सगळा किस्सा सांगितला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

नाटक असं होतं. नायक एक वृद्ध, श्रीमंत, एकाकी गृहस्थ. मुलं त्याला सोडून जातात, मित्र पाठ फिरवतात. शेवटच्या अंकात तो दिवाणखान्याच्या मधोमध लटपटतो. तेवढ्यात नोकर खुर्ची आणून त्याच्यामागे ठेवतो आणि निघून जातो. मग नायक खुर्चीत बसून या जगात आपलं कुणीच नाही यावर लांबलचक स्वगत म्हणतो आणि प्राण सोडतो.

"तुम्ही तो नोकर. खुर्ची ठेवायची आणि जायचं. त्यात कला आणू नका," मुख्य लेखापाल म्हणाले.

ही बातमी मी घरी सांगितली, बायकोने वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितली आणि काकूंनी बाकीची व्यवस्था केली. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे सल्लागारांचं मंडळ तयार झालं होतं. समोरच्या दारात राहणारे इन्स्पेक्टर हे वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि जगातली कुठलीही अडचण मुळात वजनाची असते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी आल्या आल्या आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि सांगितलं की नोकराने ओझं पोटाशी धरायचं असतं, छातीशी नाही. मग त्यांनी स्वतः खुर्ची घेऊन दोन फेऱ्या मारल्या आणि त्यात आमची फुलदाणी गेली. काकूंचा मुद्दा वेगळा होता. त्यांना बिनवाक्याचं काम हा माझा अपमान वाटत होता. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक वाक्यही देऊ नये, म्हणजे काय? निदान "बसा साहेब" तरी मागून घ्या, असं त्यांनी बजावलं.

तोवर मला तो अपमान वाटला नव्हता. काकू गेल्यावर वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी मी "बसा साहेब" मागायला गेलो. मुख्य लेखापालांनी मला नाटकाची संहिता दाखवली. तिच्या प्रत्येक पानावर कल्याण मंडळाच्या चिटणिसांचा शिक्का आणि सही होती. मंजूर संहितेत एक शब्दही वाढवायचा तर तीन प्रतींत पुन्हा सादर करावी लागते, आणि चिटणीस प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत संहिता मांडीवर घेऊन बसतात. गेल्या वर्षी एका पात्राने शिंक आल्यावर "माफ करा" म्हटलं होतं, त्याचा खुलासा अजून चालू आहे. शिवाय कार्यक्रमपत्रिकेत नाव फक्त बोलणाऱ्या पात्रांचं येतं. न बोलणारे "इतर" या सदरात जातात. यंदाच्या त्या "इतर"मध्ये मी एकटाच होतो.

घरी तालीम सुरू झाली. स्वयंपाकघरातून खुर्ची उचलायची, बाहेरच्या खोलीत ठेवायची, वळायचं, जायचं. बायको नायक म्हणून चहाचा कप घेऊन बसायची आणि मी बाहेर पडताच, आलाच आहात तर माळ्यावरची पेटीही काढून द्या, असं म्हणायची. कन्या पायरीवर बसून हे पाहायची. एकदा ती म्हणाली की बाईंनी दगडाला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: खाजवायचं नाही, बघायचं नाही, आणि फारच अवघड झालं तर नाकाने श्वास घ्यायचा. मी म्हटलं, माझं काम चालतं-फिरतं आहे, मला त्याचा उपयोग नाही. तिने खांदे उडवले.

खरा घोळ खुर्चीने घातला. मुख्य लेखापालांना हातांची, उंच पाठीची खुर्ची हवी होती आणि तशी फक्त कार्यालयात होती. मी स्टोअरकीपरकडे गेलो. आमच्या कार्यालयात प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नंबर रंगवलेला असतो आणि ती कुणाच्या तरी नावावर असते. स्टोअरकीपर सज्जन माणूस आहे, पण नियमापुढे त्याचा इलाज नाही. त्याने समजावून सांगितलं की खुर्ची इमारतीबाहेर जाऊ शकते ती एकाच कारणासाठी, दुरुस्तीसाठी. आणि दुरुस्तीला जाणारी खुर्ची मोडकी असावी लागते. चांगली खुर्ची मी मोडून नेली तर ते मालमत्तेचं नुकसान झालं असतं. तेव्हा आधीच मोडलेल्या खुर्च्यांतून मी एखादी निवडावी.

त्या सगळ्या मागच्या बोळात एकावर एक रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या त्यात धडधाकट अशी एक मी काढली. तिचा फक्त मागचा डावा पाय निखळायला आला होता. फाटकावरच्या रखवालदाराने दुरुस्तीचा पास पाहिला आणि खुर्ची खरोखर मोडकी आहे का याची खात्री करायला पाय ओढला. तो त्याच्या हातात आला. रखवालदाराचं समाधान झालं.

तुम्ही म्हणाल, मग सुताराकडे न्यायची. मीही तेच म्हटलं होतं. पण स्टोअरकीपर घाईघाईने माझ्यामागे आला होता. त्याने हात जोडून सांगितलं की साहेब, एवढी मेहेरबानी करा, ती खरंच दुरुस्त करू नका. दुरुस्त होऊन आली तर कुणी केली, कुणाच्या मंजुरीने केली, याची उत्तरं त्याला द्यावी लागतील. मोडकी गेली, मोडकी आली, म्हणजे कुणी काही विचारत नाही.

खुर्ची डोक्यावर आणि पाय काखेत घेऊन मी भर रस्त्याने घरी आलो. एका गृहस्थाने मला थांबवून, अशा सहा मिळतील का, म्हणून विचारलं.

तेव्हा पाय सुतळीने बांधायचं ठरलं, म्हणजे नंतर सोडता येईल. हे काम इन्स्पेक्टरांनी हाती घेतलं. त्यांनी अशा काही गाठी मारल्या की त्या सोडवायला दुसरा इन्स्पेक्टर लागला असता. मग त्यांनी मुख्य लेखापालांचं वजन विचारलं. मला माहीत नव्हतं आणि विचारणं शक्य नव्हतं. तेव्हा ते कार्यालय सुटायच्या वेळी आमच्या फाटकासमोर जाऊन उभे राहिले, मुख्य लेखापाल बाहेर पडताना त्यांना नखशिखांत पाहून घेतलं आणि घरी येऊन गंभीरपणे म्हणाले, बसतील, पण हळूच बसायला सांगा.

मी सांगायला गेलो. मुख्य लेखापालांनी डोळे मिटले आणि ते म्हणाले की ते भूमिकेत शिरत आहेत, या काळात त्यांच्याशी फर्निचरबद्दल बोलू नये.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत चिटणीस, मांडीवर संहिता. त्यांच्या शेजारी, जागा कुणाची आहे याची चौकशी न करता, काकू, इन्स्पेक्टर, बायको आणि कन्या. मी पहिल्या अंकापासून विंगेत खुर्ची कवटाळून उभा होतो. खाली ठेवली तर कुणीतरी बसेल ही धास्ती. पण शेवटच्या अंकाआधी रंगभूषाकाराने मला मिशी लावायला बोलावलं. मी म्हटलं, नोकराला मिशी कशाला? तो म्हणाला, एक उरली आहे. मी गेलो आणि परत येऊन पाहतो तर नायकाचा कृतघ्न मुलगा, म्हणजे आमच्या टंकलेखन विभागातला एक उत्साही तरुण, बापाला सोडून जाऊन दमला होता आणि माझ्या खुर्चीत मागे रेलून झुलत होता. मी त्याला उठवलं. सुतळी सैल पडली होती. ती आवळायला वाकलो, तोच रंगमंचावरून मुख्य लेखापालांचा आवाज आला, "आता उभं राहवत नाही." ती माझी वेळ होती.

मी गेलो. ओझं पोटाशी, इन्स्पेक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. खुर्ची नायकामागे ठेवली. ठेवताक्षणी सुतळी सुटली, मागचा डावा पाय निसटला आणि घरंगळत थेट रंगमंचाच्या पुढच्या कडेला जाऊन थांबला. सभागृहातल्या प्रत्येकाने तो पाहिला. फक्त एका माणसाला तो दिसला नाही. मुख्य लेखापाल डोळे मिटून, हात पसरून, मागे न पाहता खाली येत होते.

मला जायचं होतं. संहितेत तसंच लिहिलेलं होतं, वर शिक्काही होता. पण मी गेलो असतो तर नायक पहिल्याच वाक्याला जमिनीवर आला असता. मी झटकन खाली बसलो, दोन्ही हातांनी खुर्चीचा तो कोपरा पकडला आणि खाली गुडघा लावला. त्याच क्षणी आमच्या कार्यालयाचा सगळा लेखाविभाग माझ्या मांडीवर आला.

नायकाने सुस्कारा सोडला आणि दूर नजर लावून म्हटलं, "या जगात माझं कुणी नाही."

सभागृहात पहिलं हसू फुटलं. मुख्य लेखापालांना कळेना. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली मला पाहिलं आणि ओठ न हलवता पुटपुटले, जा. मी जागचा हललो नाही. मला बोलता येत नव्हतं, चिटणिसांनी पेन्सिल सरसावलेली मला दिसत होती. मी डोळ्यांनी त्या निखळलेल्या पायाकडे खुणावलं. पण नायकाने स्वगत चालू ठेवलं. ज्याच्या खांद्यावर हात ठेवावा असा एक माणूस उरला नाही, तो म्हणाला. हसू मोठं झालं. माझी सावली तेवढी माझ्याजवळ आहे, तो म्हणाला. बाल्कनीतून कुणीतरी, सावलीला मिशी आहे, असं म्हटलं. ती मिशी आता अर्धी सुटून माझ्या ओठांवर लोंबत होती, मला शिंक येत होती, मांडी थरथरत होती आणि तिच्याबरोबर खुर्ची, आणि खुर्चीबरोबर नायकही. मला त्या क्षणी मनापासून वाटलं की सोडून द्यावं. जो पडेल तो पडेल. मुलीला काहीतरी समजावून सांगता येईल.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"बाबा, हलू नकोस. नाकाने श्वास घे."

लोक हसले आणि मग, का कोण जाणे, गप्प झाले. मी नाकाने श्वास घेतला. पुन्हा घेतला. मांडीची थरथर कमी झाली. दगडांच्या बाईंना माझा नमस्कार सांगायला हवा.

त्या शांततेत मुख्य लेखापालांची नजर खाली आली आणि त्यांना तो पाय दिसला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपण कशावर बसलो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतः लिहिलेलं वाक्य विसरले.

"तू अजून इथेच आहेस?" ते म्हणाले. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नंतर ते म्हणाले की तोल सावरायला ठेवला, आणि ते खरंही असेल. पण सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. काकूंनी नाक पुसलं. त्यांना तेव्हा सर्दी झालेली होती असं त्यांचं म्हणणं आहे. मुख्य लेखापालांनी स्वगताची उरलेली तीन पानं गाळली आणि लगोलग प्राण सोडला. पडदा पडला आणि त्यामागे खुर्ची, नायक आणि "इतर" एकमेकांवर कोसळले.

टाळ्या बराच वेळ चालू होत्या. जो तो म्हणत होता की एकाकी म्हणवणाऱ्या माणसाला खालून कुणीतरी धरून ठेवलेलं असतं ही कल्पना काय सुंदर आहे. मुख्य लेखापालांनी ती आपल्याला तालमीत सुचल्याचं मान्य केलं. चिटणिसांनी दोन विनापरवाना वाक्यांची नोंद घेतली, एक नायकाचं आणि एक पहिल्या रांगेतल्या बालिकेचं. सगळ्यात खूश होता स्टोअरकीपर. खुर्ची नेली त्यापेक्षा जास्त मोडून परत आली होती.

घरी येताना मी लंगडत होतो. मनातून मात्र फुललो होतो. कन्येने थोडा वेळ माझी चाल पाहून घेतली. मग म्हणाली, "बाबा, तू दोनदा हललास."

मी म्हटलं, अगं, मांडी थरथरत होती.

"दगडाला मांडी नसते," ती म्हणाली. आणि थोडं पुढे गेल्यावर, "आई, ती तपकिरी चादर धुऊन ठेव. याला जमत नाही. मी दाखवते कसं करायचं."

मी रस्त्याकडेच्या दिव्याकडे बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते मिशीच्या गोंदाने आलं असं मी बायकोला सांगितलं.

शाळेच्या नाटकाला आम्ही लवकर जाऊन बसलो. राजकुमार वाट चुकला, दगडापाशी आला आणि अडखळला. त्याची तलवार धाडकन दगडाच्या पाठीत बसली. माझ्या तोंडून आवाज निघाला, पण दगड हलला नाही. राजकुमार आपलं वाक्य विसरून रडवेला झाला. दगड तरीही हलला नाही, मात्र चादरीच्या आतून कुणीतरी ते वाक्य हळूच सांगितलं. शेवटी सगळी मुलं ओळीने उभी राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करू लागली. दगड आपल्या जागी. दगड नमस्कार करत नाहीत. मी उभा राहिलो आणि त्या तपकिरी चादरीकडे बघून एकट्याने टाळ्या वाजवल्या. बायकोने माझा शर्ट ओढला, पण मी बसलो नाही. पडदा मिटता मिटता चादरीत नाकाच्या उंचीवर काहीतरी झटकन हललं.

घरी येताना मी म्हटलं, "एकदा हललीस."

"पडदा पडायला लागल्यावर," ती म्हणाली. "तेव्हा माझी सुट्टी झाली होती."

पुढच्या रविवारी सकाळी तिने सायकलच्या टोपलीतली वर्तमानपत्रं माझ्या हातात दिली आणि सायकल जिन्याखालून बाहेर काढली. ती पुढे बघत होती. मी मागून सीट धरून वाकून धावत होतो, दुखऱ्या मांडीसकट. काकू गॅलरीतून, इन्स्पेक्टर दारातून सूचना करत होते. कोपऱ्यावरचं वळण आलं तेव्हा सायकल डगमगली, मग सरळ झाली.

"बाबा, आता सोड आणि जा," ती मागे न बघता म्हणाली.

मी नाकाने श्वास घेतला, हात सोडला, वळलो आणि निघून गेलो. रंगमंचावर न जमलेली ती एक्झिट अखेर मला घेता आली.